फावल्या वेळाचा हिशेब

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त 3 जानेवारीला तालुक्यातल्या बचत गटांच्या बायका आणि कार्यकर्त्या यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आयोजकांनी मला विषय दिला होता, 'स्त्रियांच्या श्रमाचं मोल'. एम.एस.डब्ल्यू. करताना याच विषयावर मी पंचवीस पानांचा निबंध लिहिला होता. गुणही चांगले मिळाले होते. तो निबंध मी आज घरीच ठेवून आले आहे. आज तुम्हाला आमच्या घरच्या एका सहलीची आणि सहलीहून परत आल्यावर हातात घेतलेल्या गोधड्यांची हकिगत सांगणार आहे. तिच्यात एक चूक आहे, आणि ती माझी स्वतःची आहे. कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात आपण दुसऱ्यांच्या चुका बऱ्याच मोजतो, म्हणून म्हटलं आज आपली सांगावी.

आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. घरात आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, आम्ही दोघं आणि मुलं. आत्या शहात्तर वर्षांच्या आहेत. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांसारखंच आमचंही घर मुंबईच्या मनीऑर्डरीवर चाललेलं. मामा, म्हणजे माझे सासरे, मुंबईच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात होते. लग्न झाल्यापासून 1982च्या संपापर्यंत ते मुंबईत आणि आत्या गावात. गणपतीला आणि मे महिन्यात ते यायचे, तेवढाच संसार. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. मामा वर्षभर वाट बघून गावाला आले ते कायमचेच. आता ते नाहीत.

एवढ्या वर्षांत आत्यांनी मुंबई पाहिली नव्हती. दर वर्षी एक गोधडी मात्र त्यांनी मुंबईला पाठवली. तिथे एकेका गाळ्यात पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने झोपायची. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. जागा सगळ्यांची, पण अंथरूण-पांघरूण ज्याचं त्याचं. आत्या म्हणतात, "मी न्हाई गेले मुंबैला, माझी गोधडी जात हुती."

गेल्या मे महिन्यात मी घरात म्हटलं, आपण सगळे चार दिवस मुंबई बघायला जाऊ. तर पहिला प्रश्न आला, "काय काम काढलंय?" गावात ज्याला सांगावं तो हेच विचारी. दवाखान्याचं आहे का? कोर्टाचं? पोरीचं स्थळ बघायचंय का? नुसतं बघायला जातोय म्हटलं की माणसं हसायची. जाऊबाई मुंबईला एकदा जाऊन आल्या होत्या. त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं, तेव्हा वीस दिवस हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात काढले होते. मुंबईत काय पाहिलं म्हटलं तर त्या सांगतात, "औषधाचं दुकान आन् नळ."

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांच्या वावरावर 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं, ते 2011 साली आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बाई रस्त्यावर दिसली की तिच्याकडे काहीतरी कारण असावं लागतं. हातात पिशवी, कडेवर मूल, कामावर जायची घाई, काहीतरी. उगीच उभं राहण्याचा, उगीच फिरण्याचा हक्क पुरुषाला आहे, तिला नाही. पुस्तक शहरातलं आहे. पण आमच्या गावातला तो "काय काम काढलंय?" हा प्रश्न मला त्याच जातीचा वाटला.

तर निघालो. एस्टीत बायकांना मार्च 2023पासून अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022पासून प्रवास फुकट. मुलांचं अर्धं असतंच. त्यामुळे सहा जणांत पूर्ण तिकीट एकट्या माझ्या नवऱ्याचं! कंडक्टर म्हणाला, "साहेब, तुमच्या जिवावर चाललीय एस्टी." सवलतींवर टीका करणारे बरेच आहेत, त्यांचे काही मुद्दे खरेही असतील. पण मी पाहिलंय, हातात तिकिटाचे पैसे नसल्यामुळे माहेरी न गेलेल्या बायका अर्ध्या तिकिटावर माहेरी जाऊन आल्या.

घरी म्हशी दोन. त्या चार दिवसांत थोरल्या दिरांनी म्हशींची वैरण, पाणी, धार सगळं केलं, आणि स्वतःची भाकरीही भाजली. परत आलो तर गावात त्याची बातमी झालेली. "बिचाऱ्यानं एकट्यानं काढलं!" जाऊबाई वीस वर्षं हेच करतात, वर आमच्या सगळ्यांच्या भाकऱ्याही भाजतात. त्याची बातमी कधी झाली नाही.

मुंबईत डोंबिवलीच्या चुलत नणंदेकडे उतरलो. ती स्वतः नोकरी करते, पहाटे साडेपाचला उठते. सहल आपली आणि स्वयंपाक तिचा, असं होऊ द्यायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. सकाळचं माझा नवरा आणि मुलं बघणार, दुपारी बाहेर, रात्री खिचडी. पहिल्या दिवशी आत्या अवघडल्या. चहाचा कप मुलाने हातात आणून दिला तर दोनदा उठून उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी मात्र आवाज दिला, "साखर कमी हाय रं."

आम्ही काय काय पाहिलं? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत पाहिली. 1888 साली पुरी झालेली. आत्या म्हणाल्या, "तुमचं मामा हितंच उतरायचं, पर असली इमारत हाय म्हून कधी बोललं न्हाईत." गेट वे ऑफ इंडिया पाहिला. विजेवरच्या नव्या दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर मुलं आणि जाऊबाई सगळ्यांत पुढे जाऊन बसल्या. कमला नेहरू पार्कात 'म्हातारीचा बूट' पाहिला. आत्यांनी विचारलं, "ह्या म्हातारीला घर न्हवतं व्हय?" माझी मुलगी म्हणाली, "आजी, बूट हेच तिचं घर." त्यावर आत्या, "मंग बरं हाय. सोताचं तरी हाय."

राणीच्या बागेत पेंग्विन पाहिले. त्यांच्यासाठी काचेआड गार हवेची मोठी यंत्रणा आहे. बाहेर मे महिन्याचा घाम आणि आत पेंग्विन थंडीत पोहतायत. मुलं हरखून गेली. आत्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यास्नी गारवा लागतो म्हून येवढी यंत्रं. चुलीम्होरं बसनाऱ्या बाईला कुनी पंका लावला का?" शेजारी उभ्या असलेल्या दोन अनोळखी बायका खळखळून हसल्या आणि मग तिथल्या तिथेच आमच्या गप्पा सुरू झाल्या.

एक गोष्ट मात्र चारही दिवस आमच्याबरोबर फिरली. लघवीची. दुसऱ्या दिवसापासून जाऊबाईंनी पाणी पिणंच बंद केलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "जायचं कुठं?" एका ठिकाणी पुरुष सरळ आत जात होते आणि आमच्याकडून पैसे घेतले. दुसरीकडे दाराला कडी नव्हती, आम्ही आळीपाळीने दार धरून उभ्या राहिलो. 2011पासून मुंबईतल्या संघटनांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली ती याचसाठी. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा कुठला न्याय, हा तिचा साधा प्रश्न होता. बायकांनी घराबाहेर यावं असं भाषणात म्हणणं सोपं असतं. बाहेर आल्यावर तिच्या शरीराची सोय कुठे आहे हे विचारलं की सभा गप्प होते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. शेवटच्या दिवशी आत्या म्हणाल्या, "त्यांची गिरणी बघायची."

गिरणी आता नाही. तिथे मॉल आहे. आवारात चिमणी तेवढी उभी आहे, रंग दिलेली. आत्या दाराशी थबकल्या. पहारेकऱ्याला म्हणाल्या, "बाबा, आत जाऊ का? मालक हितं कामाला हुतं." तो बिचारा चांगला होता. म्हणाला, "जा की आजी, तिकीट नाही." आत थंडगार, चकचकीत फरशी. सरकत्या जिन्याला आत्या भ्यायल्या, मुलांनी दोन्हीकडून हात धरले. त्या सारखं विचारत होत्या, साचे कुठं असतील? खानावळ कोणत्या अंगाला? मला काय सांगता येणार! मी त्यांना एवढंच सांगितलं की मामांसारख्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका या गिरणगावातच राहत होत्या. त्या खानावळवाल्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आणि गिरणीत बायकाही होत्या. 1920च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. बहुतेक रिळाच्या आणि वाइंडिंगच्या खात्यात. पुढे यंत्रं बदलली, रात्रपाळीला बायकांना बंदी होतीच, आणि कपातीत पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडली. त्यांची संख्या नगण्य होत गेली. आत्या म्हणाल्या, "म्हंजी बाया हुत्या? मला वाटायचं बाईला हितं येताच येत न्हाई."

याच मॉलमध्ये हस्तकलेच्या वस्तूंचं एक दुकान होतं. दुकानाचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. तिथे भिंतीवर गोधडी टांगलेली. आमच्याकडच्या पद्धतीची. कडेकडेने सुरू होऊन चौकोनात आत आत जाणारा धावदोरा, कोपऱ्यांवर त्रिकोणी तुकडे, एका बाजूला इरकली लुगड्याचा काठ. ती आमच्याच गटाची होती असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण हात आमच्याकडचा होता. आत्यांनी मागची बाजू उलटून टाका बघितला आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "चांगली बाई हाय. दोरा वढला न्हाई, बसवलाय."

किमतीची चिठ्ठी होती सात हजार दोनशे रुपये. आणि तिला एक कार्ड लावलं होतं इंग्रजीत. माझी अकरा वर्षांची मुलगी ते वाचून आजीला मराठीत सांगायला लागली. "खेड्यातल्या बायकांनी आपल्या फावल्या वेळात प्रेमाने शिवलेली गोधडी."

आत्या म्हणाल्या, "कुनाचा फावला येळ?"

मुलगी म्हणाली, "तुमचाच."

"मला कवा हुता?"

मैत्रिणींनो, मी तिथे उभी होते आणि माझे कान तापले होते. दुकानदाराचा राग आला म्हणून नव्हे. आमच्या गटाचं जे माहितीपत्रक आहे, तीन वर्षांपूर्वी मी स्वतः बसून लिहिलेलं, त्यात अगदी हेच वाक्य आहे. 'शेतीकाम व घरकाम सांभाळून फावल्या वेळात.' तेव्हा ते मला गोड वाटलं होतं. प्रकल्पाच्या अर्जातही तेच लिहिलं होतं. आणि त्या एका शब्दावर मी गोधडीचा दर ठरवला होता. एका मोठ्या गोधडीचे व्यापाऱ्याकडून गटाला नऊशे रुपये. त्यातून दोरा, अस्तर आणि वाहतुकीचे अडीचशे वजा. बाईच्या हातात साडेसहाशे. मनात हिशेब असा की वेळ फावला आहे, म्हणजे फुकट आहे, मग जे मिळेल ते वरकडच. मालकाने मजुरी कमी दिली तर आपण मोर्चा काढतो. इथे मजुरी ठरवणारी मीच होते.

गावी परत आलो. सहलीहून घरी आल्यावर पहिल्यांदा काय करावंसं वाटतं? पुरुषांना वाटतं आडवं व्हावं. आम्ही दोघींनी म्हशीखालचं शेण काढलं, चार दिवसांचे कपडे धुतले, आणि पाऊस लागायच्या आत राहिलेल्या गोधड्या काढल्या. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आमच्याकडे कापड वाळत नाही, अंगणात अंथरता येत नाही. मे महिना हाच गोधडीचा हंगाम.

या वेळी मी एक वही घेतली. एका मोठ्या गोधडीवर आत्या, जाऊबाई आणि मी जेवढा वेळ बसू तो लिहायचा. घड्याळ मुलीच्या हातात. ती काटेकोर, चहाला उठलो की वेळ वजा करायची. जुनी लुगडी उसवणं, धुणं, वाळवणं यांचे आठ तास. तुकडे जुळवून जोड घालणं दहा तास. अंगणात थर अंथरणं, चार कोपऱ्यांवर वरवंटा, उखळ ठेवून ताण देणं आणि कच्चा टाका घालणं चार तास. धावदोरा चव्वेचाळीस तास. कडेचा गोट आणि कोपरे चार तास. एकूण सत्तर तास.

साडेसहाशे भागिले सत्तर. तासाला सव्वानऊ रुपये.

आमच्या गावात भांगलणीला बाईला तीनशे रुपये रोज आहे. दहा वाजता जायचं, जेवणाची सुट्टी सोडली तर सहा तास काम. म्हणजे तासाला पन्नास. गुडघ्यात वाकून तण काढायला पन्नास आणि ज्यात डोळे जातात, बोटं सोलतात, पाठ धरते, जे सगळ्यांना येतही नाही त्याला सव्वानऊ. का? कारण भांगलण शेतात होते आणि गोधडी घरात. घरात झालेलं काम काम नसतं, ते बाईचं असणं असतं.

सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2024 साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी 289 मिनिटं. पुरुषांचा 88 मिनिटं. त्यात आमच्यासारख्या घरी सरपण, पाणी, म्हशी वेगळ्या. तर 'फावला वेळ' येतो कुठून? तो झोपेतून येतो. दुपारच्या पडण्यातून येतो. आत्या सांगतात, लहान पोर मांडीवर आणि सुई हातात, अशा त्यांनी गोधड्या शिवल्या. डिसेंबर 1967च्या कोयनेच्या भूकंपानंतर सगळं गाव थंडीत अंगणात झोपत होतं. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालेलं. कंदिलाच्या उजेडात बायका वाकळा शिवत होत्या, कारण घरातली पांघरुणं ढिगाऱ्याखाली गेली होती. त्या रात्रींना कुणी फावला वेळ म्हणेल का?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 साली घरी बसून मजुरीचं काम करणाऱ्यांसाठी 177 क्रमांकाचा करार केला. घरी काम करणाऱ्याला इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी हे त्याचं सूत्र. आपल्या देशाने तो अजून स्वीकारलेला नाही. विड्या वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, कपड्यांना बटणं लावणाऱ्या आणि गोधड्या शिवणाऱ्या आपण सगळ्या एकाच रांगेत आहोत. आपली कारखान्याची भिंत म्हणजे घराची भिंत, एवढाच फरक.

मी ही वही गटाच्या बैठकीत ठेवली. वाटलं होतं, सगळ्या उसळतील, आपण ठराव करू. तसं झालं नाही. पहिल्यांदा शांतता. मग एक जण म्हणाली, "ताई, ह्ये आधी का न्हाई सांगितलं?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." मग भावाची चर्चा झाली. भांगलणीच्या दराने सत्तर तासांचे साडेतीन हजार आणि खर्चाचे अडीचशे, म्हणजे पावणेचार हजार. व्यापाऱ्याला कळवलं. त्याने दोन महिने फोनच उचलला नाही.

तेव्हा गटातली एक विधवा मैत्रीण माझ्या घरी आली. दोन मुलं शाळेत, शेत नाही. दारातच म्हणाली, "तुमचा पगार चालू हाय. माझे साडेसहाशे बंद झाले. तुमच्या हिशेबाने माझ्या पोराची वही येती का?" मैत्रिणींनो, हे वाक्य मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. आपण कार्यकर्त्या जेव्हा तत्त्वावर ठाम राहतो तेव्हा त्याची किंमत बहुतेक वेळा दुसरीच कुणी मोजत असते. ती चूक नव्हती. आणि हिशेबही चुकीचा नव्हता. दोन्ही खरं होतं.

पुढे वाट निघाली ती अशी. मोठ्या गोधड्या आम्ही सरळ गिऱ्हाइकाला विकायचं ठरवलं. शेजारी वही उघडी ठेवली आणि सव्वीसशे रुपये भाव लावला. दिवाळीपर्यंत पाच गेल्या. खर्च वजा जाता तासाला साडेतेहतीस रुपये पडले. भांगलणीला अजून पोचलो नाही. त्या मैत्रिणीसारख्या ज्यांना लगेच पैसे हवेत त्यांच्यासाठी लहान बाळांची दुपटी, जी थोड्या तासांत होतात आणि आठवडी बाजारात खपतात. व्यापारीही परत आला, अकराशेवर. दोघी अजून त्यालाच देतात. तासाला बारा रुपये. त्यांना गटातून काढावं असं एकीने सुचवलं, ते आम्ही मान्य केलं नाही. पण त्यांच्या गोधडीचे तासही वहीत लिहितो. स्वस्तात द्यायची तर द्या, पण किती स्वस्त हे माहीत असून द्या.

माहितीपत्रक बदललं. 'फावल्या वेळात' खोडलं. त्या जागी आता छापलं आहे, 'ही गोधडी शिवायला सत्तर तास लागले.' काही गिऱ्हाइकं ते वाचून गोधडी खाली ठेवतात. काही जण पुन्हा उचलून टाका बघतात.

एक गोष्ट राहिली. आमच्या अंगणात त्या मे महिन्यात दुसरीही एक गोधडी होती. आत्यांची. वही घेऊन मुलगी तिच्याकडेही वळली तर आत्यांनी हटकलं, "हिचं लिहू नगंस." मामांनी आणलेल्या मांजरपाटाचा जपून ठेवलेला तुकडा, माझ्या नवऱ्याची लहानपणची चड्डी, आणि मुंबईला नेसून गेल्या होत्या ते लुगडं. ते काही फार जुनं नव्हतं. जाऊबाई म्हणाल्या, "अजून दोन वर्सं नेसला असता." आत्या म्हणाल्या, "असू दे. ह्ये फिराय गेलेलं लुगडं हाय."

मी त्यावर बराच विचार केला. सगळ्याच कामाचा तास लावायचा का? मला वाटतं, नाही. प्रेमाने केलेलं काम असतं आणि ते असावं. पण कुठल्या गोधडीचा तास लिहायचा आणि कुठलीचा नाही, हे तिने ठरवावं. व्यापाऱ्याने नाही, नवऱ्याने नाही आणि गटाच्या ताईनेही नाही. आत्तापर्यंत आपल्या प्रेमाचा हिशेब दुसरेच करत आले आणि ते दर वेळी शून्यावर आले.

तर इथून जाताना तीन कामं घेऊन जा असं सुचवते. पहिलं, तुमच्या गटात जी वस्तू होते, लोणचं असो, पापड असो, पिशवी असो, तिच्या एका नगाचे तास एकदा तरी घड्याळ लावून लिहा. सरपण आणणं, धुणं, वाळवणं धरून लिहा. दुसरं, आपली पत्रकं, अर्ज, अहवाल काढा आणि त्यात 'फावला वेळ', 'जोडधंदा', 'हातभार' हे शब्द कुठे आहेत ते बघा. ते शब्द कुणी लिहिले तेही बघा. तिसरं, गटाच्या बचतीतून सहलीसाठी वेगळी पेटी करा. आमच्या गटाने महिन्याला वीस रुपयांची सुरू केली आहे. देवदर्शन नको असं नाही, पण एकदा तरी काही काम न काढता जा. घरी कुणीतरी धार काढेल. बातमी होईल, होऊ द्या.

येत्या मे महिन्यात आमचा गट सातारा बघायला जाणार आहे. जिल्ह्याचं गाव, पण गटातल्या निम्म्या जणींनी त्याचं एस्टी स्टँड आणि सरकारी दवाखाना एवढंच पाहिलं आहे. जाताना त्या मैत्रिणीचं तिकीट पेटीतून काढायचं ठरलं, तर ती म्हणाली, "मी माझं काढीन. अर्धंच तर हाय." आत्यांना विचारलं, येणार का? त्या म्हणाल्या, "माझं तर फुकाट हाय. ईन की."

एवढं बोलून थांबते.